ग्रानादा: पाटाच्या पाण्यामागून पाच दिवस

दक्षिण स्पेनला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी सेव्हिल सुचवलं. मी ग्रानादा निवडलं ते आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील. अठ्ठावीस वर्षं त्यांनी कालवा निरीक्षक म्हणून काढली. आमचं गाव सांगोला तालुक्यातलं, नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाकडचं. पाणी सुटल्याची बातमी आधी येते आणि पाणी मागाहून, असा आमचा भाग. घरची दोन एकर डाळिंबाची बाग. स्पॅनिश भाषेत डाळिंबाला 'ग्रानादा' म्हणतात आणि या शहराने तेच फळ आपलं चिन्ह करून घेतलंय, हे मी सांगितलं तेव्हा आप्पांनी पासपोर्ट काढायला होकार दिला. तिथल्या अलहम्ब्रा किल्ल्यात सातशेहून जास्त वर्षांपूर्वीचा पाट अजून वाहतो, हे सांगितल्यावर मात्र तेच मला निघायची तारीख विचारायला लागले.

दिवस पहिला

मालागाला विमानातून उतरून बस धरली. दोनेक तासांचा रस्ता. मे महिन्याचा मध्य. दोन्ही बाजूंना डोंगरभर ऑलिव्हची झाडं, एका रेषेत, पार कड्यापर्यंत. आप्पा काच पुसून पुसून पाहत होते. "बुडाशी ठिबकच्या नळ्या हायत," ते म्हणाले आणि मग बराच वेळ गप्प राहिले.

आम्ही अल्बायसिन या जुन्या मुस्लिम वस्तीत उतरलो होतो. अलहम्ब्राच्या टेकडीसमोरची ही दुसरी टेकडी, मधल्या घळीतून दार्रो नदी वाहते. पांढरी घरं, उंच भिंती, दोन माणसं जेमतेम ओलांडतील अशा गल्ल्या. पायाखाली काळेपांढरे गोटे उभे बसवून केलेली नक्षी. दिसायला देखणी, पण चपलेला ती दाद देत नाही. पहिल्याच उतारावर आप्पांचा पाय मुरगळला. वयस्क माणसांना घेऊन येणार असाल तर जाड तळव्याचे बूट घालूनच या. चढ झेपत नसेल तर सी ३१ क्रमांकाची छोटी बस या गल्ल्यांतून वर जाते.

पाय चेपत बसायला जागा शोधली ती एका चर्चशेजारी. मागं विटांची एक कमान होती, तिच्या आत अंधार. आप्पा उठून लंगडतच तिकडं गेले, आत डोकावले, आणि हाक मारली, "ताई, हौद हाय गं!"

खरंच हौद होता. इथं त्याला 'आल्हिबे' म्हणतात. अल्बायसिनमध्ये असे पंचवीसच्या वर हौद आजही उभे आहेत. पूर्वी प्रत्येक मशिदीला लागून एक असायचा. पुढं मशिदी पाडून चर्च झाली, हौद तसेच राहिले. त्यामुळे आज ते चर्चच्या अंगणात किंवा कोपऱ्यावर सापडतात. सगळ्यांत मोठा तो राजाचा हौद, 'आल्हिबे देल रेय', सुमारे ३०० घनमीटरचा. "तीन लाख लिटर," आप्पांनी लगेच हिशेब केला. या सगळ्यांना पाणी यायचं ते डोंगरातल्या अल्फाकार गावच्या एका झऱ्यावरून, 'ऐनादामार' नावाच्या पाटाने, ठरलेल्या पाळीने. पाळी हा शब्द ऐकून आप्पांनी खिशातली डायरी काढली. निवृत्त होऊनही ती सवय गेलेली नाही. झऱ्याचं नाव त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "उगम बघितल्याबिगर जायचं न्हाई."

संध्याकाळी सान निकोलासच्या चौकात बसलो. समोर अलहम्ब्रा, मागे सिएरा नेवादाच्या शिखरांवर मे महिन्यातही बर्फ. सूर्य मावळायला सव्वानऊ वाजतात इथं. लाल भिंती हळूहळू तांबूस, मग विटकरी, मग राखाडी होत गेल्या. गर्दी खूप असते, गिटार वाजत असते, तरी एकदा जावंच.

दिवस दुसरा

अलहम्ब्राची तिकिटं नावानिशी मिळतात, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि नासरी सुलतानांच्या महालात शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली की महाल चुकले. हंगामात तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात, म्हणून विमानाच्या आधी हे तिकीट काढा.

पाय बरा वाटतोय म्हणून आम्ही गोमेरेस चढणीने चालतच निघालो. वाटेत १५३६ ची कमान लागते, तिच्या माथ्यावर तीन दगडी डाळिंबं, उकललेली. आप्पांनी खालून वर पाहिलं आणि "तडकलीत," एवढंच म्हणाले. डाळिंब तडकणं म्हणजे आमच्याकडे भाव पडणं, त्यामुळे त्यांचा चेहरा जरा पडलाच. कमानीतून आत गेलं की एकदम गारवा. उंच झाडी, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना दगडी नाल्यांतून खळखळ पाणी. शहरातून आलेल्या माणसाला आधी आवाज ऐकू येतो, पाणी नंतर दिसतं.

हे पाणी येतं कुठून? तेराव्या शतकात, १२३८ मध्ये ग्रानादा घेणाऱ्या पहिल्या महंमदाने या बोडक्या टेकडीवर राजवाडा बांधायचं ठरवलं. टेकडीवर पाणी नव्हतं. मग दार्रो नदीला जवळजवळ सहा किलोमीटर वर बंधारा घातला आणि डोंगराच्या कडेकडेने, अगदी बेताचा उतार देत पाट आणला. त्याचं नाव 'आसेकिया रेआल', राजाचा पाट. 'आसेकिया' हा अरबी 'अस-साकिया'वरून आलेला शब्द. आपल्या गझलेतला पेला भरणारा 'साकी' याच धातूचा. पाट आधी हेनेरालिफेच्या बागेत येतो. तिच्या वरच्या अंगाला त्याचा एक भाग वेगळा काढलेला, त्याला 'तेर्सिओ' म्हणतात, म्हणजे तिसरा हिस्सा. आप्पांना हे फार आवडलं. वितरिकेला नाव द्यायचं तर असं द्यावं, नावातच वाटणी, असं त्यांचं म्हणणं. आणखी उंचावरच्या बागेसाठी हौद बांधून रहाटाने पाणी उपसायचे. रहाटाला स्पॅनिशमध्ये 'नोरिया' म्हणतात, तोही शब्द अरबीच.

नासरी महालांत आम्ही दोन तास होतो. भिंतीभर गिलाव्यावर कोरलेली अक्षरं, 'अल्लाखेरीज कोणी विजेता नाही' हे घराण्याचं ब्रीद शेकडो वेळा. कोमारेसच्या दरबाराचं छत आठ हजारांवर लाकडी तुकडे जुळवून केलेलं, सात आकाशांचं. मान दुखेपर्यंत पाहावं असं ते आहे. पण आम्ही रेंगाळलो ते बाहेर, मेंदीसारख्या कुंपणाच्या चौकात. मध्ये सुमारे ३४ मीटर लांब कुंड, त्यात समोरचा अख्खा मनोरा उलटा पडलेला. दोन्ही टोकांना जमिनीलगत संगमरवरी थाळी, तिच्यातून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येतं, अरुंद चरीतून सावकाश सरकत कुंडात उतरतं. आप्पा गुडघ्यावर बसून ती चर न्याहाळत होते. "पाण्याचा जोर हितंच मारलाय," ते म्हणाले. "कुंडात जाताना त्याला घाई न्हाई. म्हणून वर लहर उठंना." मनोऱ्याचं प्रतिबिंब अभंग राहावं म्हणून कुणी पाण्याच्या वेगाचा एवढा विचार केला होता, हे मला त्यांनी दाखवलं नसतं तर मी नुसते फोटो काढून पुढे गेले असते.

सिंहांचा चौक पाचव्या महंमदाच्या काळचा, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १२४ सडपातळ खांब. मधोमध बारा संगमरवरी सिंह, पाठीवर कारंज्याचं पात्र घेतलेले. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, एकाचा जबडा दुसऱ्यासारखा नाही, आयाळीच्या बटासुद्धा वेगळ्या. चारी बाजूंच्या दालनांतून चार चऱ्या मध्यभागी येतात. पात्राच्या काठावर इब्न झमरक या कवी-वजिराची कविता कोरलेली आहे. पाणी आणि संगमरवर एकमेकांत असे मिसळलेत की वाहतंय कोण हे कळेना, असा तिचा आशय. ज्याला पाणी रोज मोजून मिळतं तोच असं लिहू शकतो, असं मला वाटलं.

पुढं ख्रिस्ती सम्राट कार्लोस पाचव्याने १५२७ मध्ये याच महालांना खेटून स्वतःचा वाडा बांधायला घेतला. बाहेरून चौकोनी, आत गोल चौक. स्वतंत्र पाहिला तर भव्य आहे. पण त्यात पाण्याचा थेंब नाही, आणि आम्ही तिथं पाच मिनिटांच्या वर थांबलो नाही.

दुपारी हेनेरालिफे. वाटेवर डाळिंबाची झाडं लाल फुलांनी भरलेली. आप्पा थेट फांदीशी गेले, फुलाचं बूड चिमटीत धरून पाहिलं. नर फूल की मादी, हे बुडाच्या फुगीरपणावरून कळतं. "हितं ताण कोण देतं?" त्यांनी विचारलं. आपल्याकडे बाग ताणावर सोडतात, पाणी तोडतात, पानगळ करून बहार धरतात. इथं हिवाळ्यात झाड आपोआप पानं टाकतं आणि वसंतात फुलतं. "म्हंजे थंडीच बहार धरती," त्यांनी स्वतःलाच उत्तर दिलं.

बागेच्या वरच्या अंगाला 'एस्कालेरा देल आग्वा' म्हणजे पाण्याचा जिना आहे. अलहम्ब्रात वेळ कमी असला तरी हा सोडू नका. जिन्याच्या दोन्ही कठड्यांच्या माथ्यावर पन्हळ केलेली आणि तिच्यातून पाणी खाली धावतं. जिथं आपण आधाराला हात ठेवतो तिथं पाणी. आप्पांनी हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग खाली पडलेलं एक सुकं पान उचललं, वरच्या टप्प्यावर पन्हळीत सोडलं आणि बोटांवर सेकंद मोजत त्याच्याबरोबर पायऱ्या उतरत आले. कालव्याचा वेग ते नोकरीत असंच तरंग सोडून मोजायचे. वरपासून खालपर्यंत तीनदा मोजलं. मागून येणारी माणसं थांबली, एका बाईने आपल्या मुलालाही पान शोधून दिलं. आकडा डायरीत गेला.

दिवस तिसरा

शहराचा खालचा भाग. राजघराण्याच्या समाधी-चर्चमध्ये राणी इसाबेल आणि राजा फेर्नान्दो यांच्या संगमरवरी मूर्ती आडव्या झोपलेल्या आहेत. त्यांच्याच हाती २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिलने शहराच्या किल्ल्या दिल्या. खालच्या तळघरात शिशाच्या साध्या पेट्या. वरच्या थाटापेक्षा त्या पेट्याच मनात राहतात.

जवळच बिब-रांब्ला चौक, फुलांच्या टपऱ्यांचा. १५०० च्या सुमारास कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकुमाने इथं अरबी ग्रंथांची होळी झाली, वैद्यकाचे तेवढे बाजूला ठेवले गेले. मी चौकात चॉकलेट आणि चुरोस खात हे आप्पांना सांगितलं आणि दोघांनाही पुढचा घास गेला नाही.

दार्रो नदी शहरात आल्यावर प्लासा नुएव्हापाशी जमिनीखाली गडप होते. तिच्यावर छत घालून रस्ता केलाय. आप्पांना हे पटलं नाही. बरीच दुकानं दुपारी दोन ते पाच बंद असतात, म्हणून खरेदी सकाळी उरका.

खाण्याचं सांगते, कारण आप्पा माळकरी आहेत आणि निघताना सगळ्यात मोठी काळजी तीच होती. ग्रानादात पेयाबरोबर एक बशी खाणं फुकट येतं, त्याला 'तापा' म्हणतात. पेय वाईनच हवं असं नाही, 'मोस्तो' म्हणजे द्राक्षाचा रस मागा. आणि मागतानाच 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो' म्हणा, म्हणजे मांस नको, डुकराचं नको, मासे नको. निव्वळ 'शाकाहारी' म्हटलं तर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भाजीत येऊ शकतात. आम्हाला एका ठिकाणी आले. मालकाने मनापासून माफी मागितली आणि तळलेल्या वांग्याच्या काचऱ्या आणून दिल्या. वर काळसर, दाट धार. आप्पांनी बोट लावून चाखलं. "काकवी हाय ही!" काकवीच होती. ऊस अरबांबरोबर या किनाऱ्यावर आला आणि शेजारच्या मालागा जिल्ह्यातल्या फ्रिहिलियाना गावात उसाची काकवी आजही निघते. वांगं आणि काकवी हा मेळ मी कधी कल्पिला नव्हता. घरी आल्यावर चारदा केलाय.

दिवस चौथा

या दिवसासाठी मी पुन्हा ग्रानादाला जाईन. सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरचा आल्पुहारा हा डोंगराळ मुलूख. बसने दोन तास, वळणावळणाने. पाम्पानेइरा, बुबिओन, कापिलेइरा ही तीन गावं एकाच दरीत एकावर एक बसलेली. पाम्पानेइराच्या एका गल्लीत मधोमध चर आहे आणि तिच्यातून पाणी पळतं.

घरांची छपरं सपाट. दगडी भिंती, वर आडवी लाकडं, त्यावर दगडी फरशा, आणि त्यावर 'लाउना' नावाच्या करड्या चिकणमातीचा थर, जिच्यातून पाणी झिरपत नाही. आमच्या आजोळचं घर माळवदाचं होतं, पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती पसरून चोपायचे. कापिलेइराच्या वरच्या गल्लीतून खालची छपरं पाहताना मला आजीची चोपणी ऐकू आली.

गावाबाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आप्पा शेजारी जाऊन बसले. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. मी फोनवर भाषांतर करत बसले. ते गावचे जुने 'आसेकिएरो' निघाले, म्हणजे पाटकरी. कुणाला किती वेळ पाणी, दार कधी उघडायचं, हे तरुणपणी त्यांच्याकडे होतं. आप्पांनी आपलीही नोकरी सांगितली, तेव्हा त्यांनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला.

मग त्यांनी काठीने मातीत डोंगर काढला. वर बर्फ. बर्फ वितळायला लागलं की वरच्या पाटात पाणी घ्यायचं. हे पाट शेताला जात नाहीत. डोंगराच्या आडव्या अंगाने नेऊन ते मुद्दाम उतारावर फोडतात, जिथं खडक भेगाळलेला आहे तिथं. पाणी जमिनीत शिरतं, आतल्या आत सावकाश उतरतं आणि उन्हाळ्यात, नदी आटल्यावर, खालच्या गावांच्या झऱ्यांतून बाहेर येतं. या पाटांना 'आसेकिया दे कारेओ' म्हणतात आणि या कामाला पाणी पेरणं. मी 'पाणी पेरणं' असं मराठीत सांगितलं आणि आप्पा बाकावरून उठले. "पाणी अडवा, पाणी जिरवा," ते म्हणाले. "ताई, ह्यांना सांग. आमच्या भिंतीभिंतीवर हे लिहिलंय." मी सांगितलं. म्हातारबाबांनी विचारलं, कधीपासून? आप्पांनी काही दशकं सांगितली. म्हातारबाबांचं उत्तर होतं, इथं मुस्लिम काळापासून.

ज्यांनी हे पाट खणले त्यांचे वंशज मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती व्हायला लावलेले मुसलमान, १५६८ च्या उठावानंतर इथून हाकलले गेले. उत्तरेकडून नवी माणसं आणून वसवली. पण प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं ठेवून घेतली, नव्यांना पाणी शिकवायला, असं इथं सांगतात. मधल्या काळात माणसं शहरांकडे गेली आणि कित्येक पाट बुजले. गेल्या काही वर्षांत ग्रानादा विद्यापीठातली मंडळी, गावकरी आणि स्वयंसेवक मिळून ते फावड्याने मोकळे करतायत. आप्पा वरच्या वाटेवर अर्धा तास चालून एका वाहत्या पाटापर्यंत गेले. काठावर दगड रचून, गवताची ढेकळं दाबून बांध घातलेला. आम्ही लहानपणी रात्रीची दारं धरायला जायचो तेव्हा खोऱ्याने असाच बांध फोडायचो आणि घालायचो. त्यांनी एक ढेकूळ सरकलेलं पाहिलं आणि पायाने नीट दाबून बसवलं.

दिवस पाचवा

परतीची बस संध्याकाळची, म्हणून सकाळी अल्फाकार. शहरापासून थोडक्या किलोमीटरवरचं गाव, पावासाठी प्रसिद्ध. जाड कवचाचा एक पाव घेतला आणि चालत झऱ्याकडे गेलो. त्याचं आजचं नाव 'फुएन्ते ग्रान्दे', जुनं नाव ऐनादामार, अरबीत 'अश्रूंचा झरा'.

बांधीव कुंड आहे, पाणी तळापर्यंत स्वच्छ. तळाच्या वाळूतून बारीक बुडबुडे सुटतात, एकामागून एक वर येतात आणि पृष्ठभागावर विरतात. त्यांच्यावरूनच हे नाव पडलं असणार, पाहिल्यावर वेगळं वाटत नाही.

याच परिसरात, विस्नार आणि अल्फाकार या गावांच्या मध्ये, ऑगस्ट १९३६ मध्ये, स्पेनच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला, कवी फेदेरिको गार्सिया लोर्काला गोळ्या घातल्या. तो ३८ वर्षांचा होता. याच मुलुखात, ग्रानादाच्या सपाटीवरच्या फुएन्ते वाकेरोस गावात तो जन्मला होता. त्याचा मृतदेह अजून सापडलेला नाही. त्याच्यासोबत आणि त्याच्या आगेमागे मारलेल्या कितीतरी माणसांचे अवशेष विस्नारच्या घळीत उकरून काढायचं काम चाललंय. जवळच त्याच्या नावाची बाग आहे. आम्ही तिथं थोडा वेळ बसलो. आप्पांनी त्याचं नाव मला दोनदा म्हणायला लावलं आणि डायरीत मराठीत लिहून घेतलं.

मग पुन्हा झऱ्यापाशी आलो. कुंडातून पाणी जिथं बाहेर पडून पाटाला लागतं तिथं आप्पा उकिडवे बसले. ज्या पाण्यावर अल्बायसिनचे सगळे हौद भरायचे, ते इथून निघायचं. त्यांनी एक पान सोडलं. पान काठाला क्षणभर अडलं, फिरलं आणि गेलं. मी घड्याळ पाहिलं. त्यांनी कालव्यावरच्या नोंदवहीसारखा रकाना आखला, तारीख घातली आणि लिहिलं: ऐनादामार. उगम. पाणी चालू.